शेवटी कोण गाणार?

संगीत महोत्सवाची पत्रिका हाती पडली म्हणजे आपण आधी काय वाचतो? पहिल्या दिवशी पहिल्यांदा कोण गाणार, हे क्वचितच कोणी पाहतो. बोट जाते ते सरळ शेवटच्या दिवसाच्या शेवटच्या नावावर. ते नाव ओळखीचे निघाले की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "वा! यंदाही आहेत म्हणायचे." दुसरा म्हणतो, "म्हणजे पुन्हा तेच का?" आणि गंमत अशी की, तक्रार करणारासुद्धा शेवटच्या बैठकीला पुढची जागा धरायला लवकर निघतो.

हा वाद आजचा नाही. तीच ती नावे वर्षानुवर्षे मानाच्या जागी बसतात, नव्यांना कोणी विचारीत नाही, हे गाऱ्हाणे जुने आहे. त्याला मिळणारे उत्तरही तितकेच जुने आहे: "मोठी नावं नसतील तर मांडव भरायचा कसा?" दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. म्हणून निवाडा करण्याआधी ही शेवटची जागा मुळात आली कोठून आणि तिला एवढे मोल का चढले, ते जरा मागे जाऊन पाहू या.

मैफलीचा आपला शिरस्ता असा की, लहानाने आधी गावे, मोठ्याने नंतर. वडीलधाऱ्यांचे गाणे रंगून गेल्यावर धाकट्याने तंबोरा उचलणे हा अविनय समजला जाई. यात मानाचा भाग होता तसा सोयीचाही होता. श्रोते हळूहळू जमतात, स्थिरस्थावर होतात, कान तयार होतात. मग बुजुर्ग गायकाचे गाणे ऐकायला सगळी मंडळी सावध असतात. राजाच्या दरबारात काय किंवा सावकाराच्या दिवाणखान्यात काय, हा क्रम कोणी लिहून ठेवला नव्हता. तो सर्वांना ठाऊक होता.

देवस्थानांत आणि गुरूंच्या पुण्यतिथीला हीच रीत वेगळ्या भावनेने पाळली जाई. पंजाबात जालंदरला देवी तलावाच्या काठी बाबा हरवल्लभांनी आपले गुरू स्वामी तुळजागिरी यांच्या स्मरणार्थ १८७५ मध्ये संगीताचा मेळा सुरू केला. तो आजही हिवाळ्यात भरतो. आपल्याकडे मिरजेला ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या उरुसात कलावंत सेवा म्हणून गातात. अब्दुल करीम खाँसाहेब तेथे गात असत. १९३७ मध्ये खाँसाहेब गेले, आणि पुढे त्यांच्या आठवणीसाठीही गुणीजन तेथे येऊ लागले. अशा ठिकाणी गाण्याला शब्दच मुळी 'हजेरी' असा आहे. हजेरी लावायची म्हणजे दरवर्षी यायचे. तोच माणूस पुन्हा आला, याची तेथे कोणी तक्रार करीत नाही. उलट तो आला नाही तर लोक काळजीने विचारतात, "बुवा यंदा दिसले नाहीत?"

हा मुद्दा ध्यानात ठेवा. आपल्याकडचे किती तरी महोत्सव या पुण्यतिथीच्या आणि हजेरीच्या मुळातून वाढलेले आहेत. पुनरावृत्ती हा त्यांच्या प्रकृतीचाच भाग आहे.

मग तिकीट आले. संस्थानिकांचा आश्रय पातळ होत चालला होता, तेव्हा पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गाणे दिवाणखान्यातून काढून चार लोकांसमोर आणले. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९१६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरविली. पुढे दिल्ली, बनारस आणि लखनौ येथे अशा परिषदा झाल्या. रागांची चर्चा व्हावी, विद्वानांनी आणि उस्तादांनी एकत्र बसावे, हा भातखंड्यांचा हेतू. पण परिषद म्हटली की गाणे आलेच, आणि गाणे म्हटले की श्रोत्यांची झुंबड आलीच. पुढच्या काळात अलाहाबाद, कलकत्ता, मुंबई अशा शहरांतून 'परिषद' किंवा 'कॉन्फरन्स' या नावाखाली प्रत्यक्षात महोत्सवच होऊ लागले.

तिकिटाने दोन गोष्टी केल्या, आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. पहिली अशी की, त्याने दारे उघडली. हिराबाई बडोदेकरांचे उदाहरण घ्या. तिकीट लावून जाहीर जलसा करणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत त्यांची गणना होते. घरंदाज स्त्रीने रंगमंचावर बसून ख्याल गावा आणि कुटुंबासह आलेल्या मंडळींनी तो शांतपणे ऐकावा, ही गोष्ट दिवाणखान्याच्या जमान्यात घडली नसती. तीच कथा वाद्यांची. सनई म्हणजे लग्नकार्यात दारावर वाजायची. १९३७ मध्ये कलकत्त्याच्या परिषदेत बिस्मिल्ला खाँ ती घेऊन मैफलीच्या मधोमध बसले. मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्या परिषदेत, त्याच दशकाच्या मध्यास, अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा गायला आणि सभा थक्क झाली. तो शिवपुत्र कोमकली, म्हणजे आपले कुमार गंधर्व. तेव्हा जाहीर महोत्सव हा नव्यांचा शत्रू होता, असे म्हणता येणार नाही. पुष्कळ नवी नावे त्यानेच आपल्याला दिली.

दुसरी गोष्ट अशी की, त्याच तिकिटाने नाव हे तारण बनविले. हिशेब सोपा आहे. मांडव, गालिचे, ध्वनिक्षेपक, कलावंतांची बिदागी, त्यांचा प्रवास आणि मुक्काम, हा सगळा खर्च आधी ठरतो. पैसा मात्र गायकाने तोंड उघडण्याआधीच गोळा व्हावा लागतो. श्रोत्याने अजून गाणे ऐकलेले नाही. मग तो कशावर भरवसा ठेवून तिकीट काढणार? नावावर. आणि नाव म्हणजे मागच्या वर्षी ऐकलेले गाणे. अशा रीतीने गेल्या वर्षीचा गायक यंदाच्या गायकाची जागा धरून बसतो. यात कोणाचा दुष्ट हेतू असावा लागत नाही. चिटणीसाला खड्डा पडू द्यायचा नसतो, एवढेच.

आता पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाकडे वळू. हजेरी आणि तिकीट या दोन्ही परंपरा तेथे एका मांडवात आल्या, म्हणून आपल्या प्रश्नाला त्याच्याइतके चांगले उदाहरण नाही.

कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, हे अब्दुल करीम खाँचे शिष्य. १२ सप्टेंबर १९५२ रोजी ते पुण्यात निवर्तले. पहिल्या पुण्यतिथीनिमित्त १९५३ मध्ये शिष्यांनी आणि आप्तांनी गाण्याचा समारंभ केला. पंडित भीमसेन जोशी त्यात पुढे होते. सवाई गंधर्वांचे जावई डॉ. नानासाहेब देशपांडे यांचा आधार होता. आर्य संगीत प्रसारक मंडळाने व्यवस्था पाहिली. घरच्या माणसांनी घरच्या माणसासाठी केलेला तो कार्यक्रम. पुढे तो वाढत गेला. शाळेच्या पटांगणात मांडव पडू लागला, रात्र रात्र गाणे चालू लागले, आणि गावोगावचे लोक शाली, सतरंज्या, थर्मास घेऊन थंडीत येऊ लागले.

या महोत्सवात गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर आणि भीमसेन या तिघा शिष्यांची हजेरी ठरलेली असे. दस्तूर तर ऐंशी उलटल्यावरही गात होते. आणि शेवट भीमसेनांचा, ही पुढे पुढे रीतच पडली. दशकांमागून दशके गेली, पत्रिकेतली बाकीची नावे बदलली, शेवटची ओळ बदलली नाही.

इथे एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. गंगूबाई १९१३ च्या, दस्तूर १९१९ चे, भीमसेन १९२२ चे. वयाचा शिरस्ता पाळायचा तर शेवटी गंगूबाईंनी गायला हवे होते. मग भीमसेन का? तुम्ही म्हणाल, लोकप्रियता. ते आहेच. पण मला त्यात आपल्या घरातली एक रीतही दिसते. कार्य असले म्हणजे यजमान कोणत्या पंगतीला बसतो? शेवटच्या. पाहुणे जेवले, कोणी उपाशी राहिले नाही, अशी खात्री झाली की मग तो पान मांडून घेतो. महोत्सवाचा भार भीमसेनांनी खांद्यावर घेतला होता. कलावंतांना बोलावणे, त्यांची सरबराई करणे, त्यांचे गाणे ऐकणे, आणि सर्वांचे झाले की आपण बसणे. मानाची जागा आणि यजमानाची जागा तेथे एक झाली होती. आणि त्यांच्या गाण्यानंतरही शेवटचा सूर त्यांचा नसे. गुरूच्या भैरवीची ध्वनिमुद्रिका लावून समारंभ संपविण्याची तेथे प्रथा आहे.

या ठरलेल्या शेवटाने काय साधले? भीमसेन पहाटे गाणार म्हणून लोक रात्रभर बसत. आणि रात्रभर बसले म्हणून मधल्या सगळ्यांना ऐकत. ज्या तरुण गायकाला एकट्याच्या नावावर शंभर माणसे जमवता आली नसती, त्याला हजारोंचा समाज आयता मिळे. पुण्यात 'सवाईत' गाणे म्हणजे देशभर नाव होणे, ही स्थिती अशीच आली. म्हणजे ठरलेल्या नावाची पुनरावृत्ती हीच नव्या नावांची पुंजी झाली. तक्रार करणाऱ्यांनी ही बाजू विसरू नये.

पण दुसरी बाजूही आहे. समजा, एखाद्या महोत्सवात वीस जागा आहेत आणि त्यांतल्या पंधरा दरवर्षी त्याच मंडळींना जातात. उरल्या पाच. दहा वर्षांत पन्नास नवे कलावंत त्या पाच जागांवर येऊन गेले. आकडा ऐकायला छान वाटतो. पण त्या पन्नासांपैकी कितींना दुसऱ्यांदा बोलावले? कोण दुपारच्या जागेवरून संध्याकाळच्या जागेवर चढला? कोणीच नाही, असे उत्तर आले तर ती पन्नास माणसे येऊन गेली, एवढेच म्हणायचे. अशा महोत्सवात सर्वांत जास्त हाल होतात ते नवशिक्याचे नव्हेत. नवशिक्याचे कौतुक होते, त्याच्यासाठी शिष्यवृत्त्या असतात. हाल होतात ते पंचेचाळिशीतल्या कलावंताचे. त्याचे गाणे पिकलेले असते, पण तो 'उदयोन्मुख' राहिलेला नसतो आणि 'बुजुर्ग' झालेला नसतो. पहिली पंगत मुलांची, शेवटची मोठ्यांची. मधल्या पंगतीचे पानच मांडलेले नाही.

तर मग नियमच करावा का, की शेवटचे नाव दरवर्षी बदलावे? तसा प्रयोग आपल्या देशात झालेला आहे. मद्रासची म्युझिक अकॅडमी १९२८ मध्ये स्थापन झाली. तेथे डिसेंबरातल्या परिषदेला दरवर्षी नवा अध्यक्ष असतो, आणि १९४२ पासून त्याला 'संगीत कलानिधी' ही पदवी मिळते. एकदा मिळाली की पुन्हा नाही. म्हणजे सर्वोच्च जागी पुनरावृत्ती नियमानेच बंद. शिवाय दुपारी तरुणांनी, संध्याकाळी ज्येष्ठांनी गावे, अशी पायऱ्यांची मांडणीही तेथे स्पष्ट आहे. व्यवस्था म्हणून ही फार चांगली. पण आता असे पाहा: दरवर्षी नाव बदलत असूनही त्या पदवीवर पहिली स्त्री यायला १९६८ साल उजाडावे लागले. त्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी. जिचे गाणे घराघरांत पोहोचले होते, तिची पाळी यायला सव्वीस वर्षे लागली! तेव्हा नावे निराळी असणे आणि वैविध्य असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सव्वीस वेगवेगळी नावे एकाच साच्यातली असू शकतात. आणि एकच नाव वर्षानुवर्षे शेवटी असून त्याच्या अलीकडे सतार, सनई, बासरी, धृपद, ठुमरी, दक्षिणेचे व्हायोलिन अशी दुनिया नांदू शकते.

मुंबईत सूर सिंगार संसदेने तिसरी वाट काढली होती. ज्येष्ठांसाठी स्वामी हरिदास संगीत संमेलन आणि तरुणांसाठी 'कल के कलाकार' हे स्वतंत्र संमेलन. तरुणांना हक्काचे व्यासपीठ मिळाले, ही मोठी गोष्ट. पण वेगळ्या मांडवात वेगळे श्रोते येतात. ज्याला मोठ्यांना ऐकायचे आहे त्याच्या कानांवर लहानाचे गाणे नकळत पडावे, हा जो एका मांडवाचा फायदा, तो तेथे हातचा जातो.

आकाशवाणीची गोष्ट थोडी निराळी. १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलन सुरू झाले. रेडिओला तिकीटखिडकी नाही, मांडव भरण्याची धास्ती नाही. त्यामुळे श्रेणी ठरवून, चाचणी घेऊन, दूरच्या गावच्या गायकालाही वेळ देणे तिला परवडले. चाचणीवरून त्या काळी पुष्कळ वादंग झाले, पण एक खरे: गल्लाभरू नाव नसलेला गुणी माणूस देशाला ऐकू जाण्याची ती एक वाट होती.

आता थोडे रागांविषयी, कारण पुनरावृत्ती नावांचीच असते असे नाही. भीमसेनांवर आक्षेप असे की, ते ठरावीक रागच गातात: तोडी, मुलतानी, पूरिया, शुद्ध कल्याण, मारूबिहाग. किराणा घराण्याची वृत्तीच तशी. अनवट रागांचा साठा हे जयपूर घराण्याचे वैशिष्ट्य. पण श्रोत्यांचे काय? दस्तूर बसले की लोक 'गोपाला मेरी करुना' मागत, आणि ते मिळाले नाही तर हिरमुसत. ज्या श्रोत्याने घरी "पुन्हा तेच का?" म्हटले होते, तोच मांडवात बसून जुनी फर्माईश करतो. ख्यालात तोच राग पुन्हा ऐकणे म्हणजे तेच गाणे ऐकणे नव्हे, हे खरे. तरीही पुनरावृत्तीचा दोष द्यायचा तर त्यात आपला वाटा किती, हेही मोजायला हवे.

शिवाय राग वेळेला बांधलेला. जागा ठरली की राग जवळजवळ ठरतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० मध्ये आले, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडक केले, आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आली. काही मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते. रात्रभर चालणारे महोत्सव दुपारी सुरू होऊ लागले. शेजाऱ्यांच्या झोपेचा विचार केला तर नियम वाजवी आहे. पण परिणाम काय झाला? दुपारी आणि सांजेला गाणाऱ्यांची संख्या वाढली, म्हणून भीमपलास, मुलतानी, मधुवंती, मारवा यांच्याभोवतीच पुष्कळांना फिरावे लागते. दरबारी, मालकंस, अडाणा यांची रात्र आखूड झाली. गायक दहा असले तरी राग तेच चार-पाच, ही पुनरावृत्ती पत्रिकेत दिसत नाही, पण कानाला कळते.

आता आजची स्थिती पाहा. २४ जानेवारी २०११ रोजी भीमसेन गेले. महोत्सवाला सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव असे नाव मिळाले. समारोपाचा मान अनेक वर्षे डॉ. प्रभा अत्रे यांच्याकडे राहिला. हिराबाईंची शिष्या शेवटच्या जागी बसली, हे विशेष; घराणे मात्र किराणाच. मग २०१७ मध्ये किशोरी आमोणकर गेल्या, २०२० मध्ये पंडित जसराज, २०२२ मध्ये शिवकुमार शर्मा. २०२४ च्या जानेवारीत चार दिवसांच्या अंतराने रशीद खाँ आणि प्रभाताई, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात झाकीर हुसेन. सात-आठ वर्षांत शेवटची पंगत जवळजवळ उठून गेली. आता "पुन्हा तेच का?" हा प्रश्न राहिलाच नाही. प्रश्न आहे तो, पुढे कोण?

याचे उत्तर यंदाच्या चिटणीसाला देता येणार नाही. ते पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या पत्रिकांतल्या दुपारच्या जागांनी दिलेले आहे. तेव्हा ज्यांना बोलावले, पुन्हा बोलावले, एक एक पायरी वर घेतले, तेच आज मांडव पेलू शकतील. ज्या महोत्सवाने हे केले नाही, त्याला आता बाहेरून चमकदार नाव आणून वेळ मारून न्यावी लागेल.

म्हणून वाचकहो, शेवटी कोण गाणार यावरून महोत्सवाची परीक्षा करू नका. गावात महोत्सव असेल तर जुन्या पाच-सहा वर्षांच्या पत्रिका काढा आणि तीन गोष्टी मोजा. दरवर्षी पहिल्यांदा आलेले किती? त्यांतले दुसऱ्यांदा, वरच्या जागेवर, आलेले किती? आणि वाद्य, घराणे, प्रांत, स्त्री-पुरुष असे पाहता शेवटच्या दिवशी कोण दिसत नाही? हे आकडे घेऊन व्यवस्थापकांना पत्र लिहा. श्रोत्याने विचारले की त्यांनाही बळ येते.

आणि एक काम आपले आपण करायचे आहे. वेळेवर जायचे. दुपारचा पहिला गायक बहुधा रिकाम्या खुर्च्यांपुढे गातो आणि मग तेच कारण सांगून त्याला पुढच्या वर्षी वगळतात. १९४६ च्या जानेवारीत सवाई गंधर्वांच्या साठीनिमित्त पुण्यात समारंभ झाला, त्यात तेवीस वर्षांचा एक शिष्य गायला. त्या गाण्याने भीमसेन जोशी हे नाव लोकांच्या ध्यानात राहिले. ते राहिले, कारण त्याला ऐकायला लोक समोर बसलेले होते.